गोदूबाईची हळद आणि पथकाची नवरी

नरपडमध्ये एखाद्या मुलीचं लग्न ठरलं की ते आधी गोदूबाईला कळतं, मग मुलीच्या बापाला, आणि सगळ्यांचं चहापाणी उरकलं की मुलीला. ज्यांना ही थट्टा वाटते त्यांनी नरपड ते बोर्डी या पट्ट्यातल्या कुठल्याही घरात तिचं नुसतं नाव काढून बघावं. आतून आवाज येईल, "कोण, गोदूआत्या?" आणि पुढची वीस मिनिटं उठायची सोय राहणार नाही.

गोदूबाई रामनाथ सावे. वय अठ्ठावन्न. पण ती बावन्न सांगते, आणि रामनाथभाऊ शेजारी बसलेले असले तर चोपन्न, कारण त्यांना फार मोठं खोटं सहन होत नाही. घरामागे चिकूची वाडी, पलीकडे भाताचं खाचर, दोन्ही मुलगे वापीला कारखान्यात. हे सगळं रामनाथभाऊंचं राज्य. तिचं राज्य हळदीच्या मांडवात, कमरेला कायम हळदपुडीची पिशवी. पस्तीस वर्षं ती हळदीची गाणी म्हणते आहे, सोबत ढोलकीला बायजी. पहिली हळद गोदूबाईने लावायची, मग बाकीच्यांनी, हा शिरस्ता कोणी पाडला ते कोणालाच आठवत नाही. तिनेच पाडला असावा. तिच्या हातची हळद लागलेलं एकही लग्न मोडलं नाही असं ती छातीवर हात ठेवून सांगते. चिखल्याचं एक मोडलं होतं, पण त्या दिवशी तिला ताप होता आणि हळद जावेने लावली होती. जावेला हे दर वर्षी ऐकावं लागतं.

तिचा नियम मात्र एकच आणि कडक. नवरीच्या अंगाला हळद लागेपर्यंत त्या घरातला रुपया हातात घ्यायचा नाही. विडा नाही, सुपारी नाही, नोट नाही. एका बिल्डरने हौसेने दोन हजाराची नोट पुढे केली तर तिने त्याला सगळ्यांदेखत विचारलं, "नवरी विकायला काढलीय का रे, आधी पैसे दाखवतोस ते?"

तर अशी ही बाई इंटरनेटवर गेली, आणि तिथे तिला पोलीस भेटले.

इंटरनेटवर नेलं सोनलने. सोनल ही गोदूबाईच्या घोलवडच्या भावाची मुलगी. डहाणूला कॉलेजात शिकायची म्हणून आत्याकडेच राहायची. २०१६ साली तिने फेसबुकवर पान काढलं, 'गोदूआत्या, हळदीची गाणी', खाली व्हॉट्सअ‍ॅपचा नंबर. वर एक व्हिडिओ टाकला. त्यात गोदूबाई गाते आहे, बायजी ढोलकी बडवते आहे, आणि मागे वाणगावचे कोणी मामा डोक्यावर बाटली ठेवून नाचताहेत. लोकांनी गाणं ऐकलं. जिल्ह्यातल्या एका खास पथकाने मामांच्या डोक्यावरची बाटली पाहिली.

या पथकाचं काम दमणची दारू पकडायचं. दमणमध्ये ती स्वस्त, आणि इकडे आणायला बंदी. अच्छाडच्या नाक्यावर ट्रक तपासून पथक कंटाळलं होतं. त्यांचे साहेब आधी लाचखोर पकडण्याच्या कामावर होते, त्यामुळे खुणेच्या नोटा, पावडर, सापळा यांची त्यांना भारी हौस. साहेब म्हणाले, आता जमाना ऑनलाइनचा आहे. गिऱ्हाईक बनून शिरायचं. आणि त्यांनी प्रविणला कामाला लावलं.

प्रविण पथकातला शिपाई. सव्वीस वर्षांचा, गोड आवाजाचा, आईच्या हातचं खाऊन गुबगुबीत झालेला. त्याने मोबाइलवर पीयूष नाव घेतलं, रानशेतचा पत्ता घेतला आणि स्वतःला एक बहीण करून घेतली. भाविका. बहिणीचा फोटोही पाठवला. तो दागिन्यांच्या जाहिरातीतला होता, पण गोदूबाई म्हणाली, "नाक सरळ आहे हो पोरीचं. हळद खुलेल."

पहिल्या दिवशी पीयूषने गाणी ठरवली. दुसऱ्या दिवशी हळूच दारूच्या बाटल्यांचं विचारलं, "मावशी, येताना दमणचे चार खंबे आणाल का?"

गोदूबाईला टाइप करायचा कंटाळा. ती बोलायची आणि सोनल लिहायची. "लिही. आम्ही गाणी आणतो. खंबे हवे असतील तर वीजवाल्यांना फोन कर."

तिसऱ्या दिवशी पुन्हा. "मावशी, दुप्पट देतो."

"लिही. दुप्पट गाणी म्हणू."

चौथ्या दिवशी, पाचव्या दिवशी तेच. सोनल वैतागली. "आत्या, ब्लॉक करू का याला?"

"अगं, भाऊ आहे नवरीचा. लग्नघरात सगळेच वेडे होतात. तुझा बाप माझ्या लग्नात दोन दिवस एकच चप्पल घालून फिरत होता."

आणि इथेच, आपल्या लग्नाचा विषय निघाल्यावर, गोदूबाई घसरली. बोलायची खोड! सहाव्या दिवशी तिने पीयूषला आवाजी निरोप पाठवला, चांगला चार मिनिटांचा. त्यात तिने स्वतःच्या हळदीची गोष्ट सांगितली. ती हळद लावून बसलेली, आणि रामनाथभाऊंचे काका ताडी कमी पडली म्हणून रुसून निघून गेलेले. ते परत येईपर्यंत पुढचं काही होईना. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती तशीच बसून होती, अंगावरची हळद वाळून तडकली होती. "तेव्हापासून ठरवलं रे बाबा," ती शेवटी म्हणाली, "दुसऱ्या कुठल्या पोरीची हळद अशी वाळू द्यायची नाही."

प्रविणने ते साहेबांना ऐकवलं. साहेब म्हणाले, "सापडलं. हेच धर."

नवव्या दिवशी सकाळी पीयूषचा रडका निरोप आला. मुलाकडचे तलासरीचे, त्यांचे काका हटून बसलेत, दमणचे चार खंबे दिसल्याशिवाय हळदीला येणार नाहीत म्हणतात. भाविका कालपासून जेवली नाही. मावशी, तुमच्यासारखंच होणार हो तिचं.

गोदूबाईने फोन खाली ठेवला, पदर खोचला आणि सोनलला म्हणाली, "लिही. आणते म्हणावं."

रामनाथभाऊ ओटीवर चिकू निवडत होते. "गोदू, कशाला नसतं लफडं?"

"अहो, पोरीची हळद अडलीय काकापायी. काका कोणाचे अडून बसतात ते मला नका सांगू."

रामनाथभाऊ पुन्हा चिकू निवडू लागले. त्या विषयावर त्यांना चाळीस वर्षांत एकदाही जिंकता आलेलं नव्हतं.

बाटल्या आणल्या प्रितेशने, सोनलच्या थोरल्या भावाने. त्याची ईको गाडी भाड्याने फिरते. चार बाटल्या जुन्या लुगड्यात गुंडाळून गोदूबाईने आपल्या पिशवीत ठेवल्या. आणि आता लक्ष द्या, कारण पुढे सगळं यावरच फिरलं. त्या पिशवीत आणखी काय होतं? नवरीसाठी हिरवी साडी. बांगड्यांचा डबा. खणानारळ. घरच्या चिकूंची करंडी निराळी. आणि मांडीवर सूप, त्यात घरून कालवून आणलेली ओली हळद. दारूचा धंदा करणारी बाई गिऱ्हाइकाच्या बहिणीला आहेर घेऊन निघालेली, डहाणू-तलासरीच्या सगळ्या ठाण्यांत मिळून कोणी पाहिली नसेल.

फेब्रुवारी २०१७. सकाळचे अकरा. रानशेतच्या रस्त्याला एका फार्महाउसच्या फाटकाशी ईको थांबली. गोदूबाई आणि बायजी उतरल्या. प्रितेश सावली शोधत गाडी पुढे घेऊन गेला.

मांडव नाही. तोरण नाही. चूल नाही. दारात एकटा प्रविण, इस्त्रीच्या शर्टात घामाघूम.

"तूच का पीयूष? भाऊ ना नवरीचा?" म्हणत गोदूबाईने सुपातली हळद घेतली आणि त्याच्या दोन्ही गालांना, कपाळाला, मग उरलेली हनुवटीला फासली. दारात उभ्या असलेल्या भावाचा तो मानच असतो. "आणि मांडव कुठाय रे? उन्हात नाचवणार की काय आम्हाला?"

"मावशी, तो... माल आणलात?"

"आणलाय. नवरी कुठाय?"

"येईल. हे पैसे घ्या आधी."

"अरे, हात बघ माझे. आणि हळदीच्या आधी पैसा धरत नाही मी. नवरी दाखव."

"घ्या ना, मावशी."

"बायजे, धर गं ढोलकी. हा पोरगा लाजतोय." आणि खरोखर, त्या रिकाम्या अंगणात गोदूबाईने सूर लावला:

*नवरीचा भाऊ गो, उन्हात उभा,*
*मांडव विसरला गो, गावाला शोभा!*

झाडाआडून साहेब खुणावत होते. प्रविणने नोटा सुपातल्या हळदीत टाकल्या आणि ठरलेली खूण म्हणून डोक्यावरून हात फिरवला. हाताला गालाची हळद लागली, केसांना हाताची. झाडांमागून आठ माणसं धावत आली. त्यांना पाहून गोदूबाईला बरं वाटलं. म्हणाली, "आली गो मुलाकडची!"

कोण आलं ते कळायला तिला मिनिटभर लागलं. एक महिला शिपाई पुढे झाली, पिशवी उघडली, बाटल्या निघाल्या. साहेबांनी काचेचा ग्लास मागवला, त्यात धुण्याच्या सोड्याचं पाणी. म्हणाले, "नोटांना आम्ही पावडर लावली होती. नोट धरणाऱ्याचे हात या पाण्यात घातले की रंग बदलतो. घाला."

गोदूबाईने बोटं बुडवली. पाणी लालभडक झालं.

"पाहा!" साहेब पंचांना म्हणाले.

"अहो साहेब," गोदूबाई म्हणाली, "ते तर..."

"गप्प बसा. लिहा. पाणी गुलाबीसर लाल झाले."

त्याच संध्याकाळी जामीन झाला. पण दुसऱ्या दिवशी पथकाचा फोटो सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरला: मध्ये गोदूबाई, पुढे चार बाटल्या, मागे रांगेत पथक, आणि रांगेत एक शिपाई नवरदेवासारखा पिवळाधमक. खाली लिहिलं होतं, 'ऑनलाइन दारूराणी जेरबंद'. गोदूबाईने फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाली, "साडी बरी दिसतेय." मग आत गेली. जेवणाला बोलावलं तर भूक नाही म्हणाली. हे मात्र तिने कोणाला सांगू दिलं नाही.

कारण आमंत्रणं थांबली. बायका भेटल्या की प्रेमाने बोलायच्या, आणि हळदीच्या दिवशी दुसरीकडून कोणाला तरी आणायच्या. गोदूबाई म्हणायची, "आता गातात म्हणे त्या! बेडूक परवडले." दीड वर्ष हे असंच. आणि २०१८च्या पावसाळ्यानंतर सोनलचं लग्न ठरलं, वाणगावला. मुलगा चांगला, घर चांगलं, पण मुलाच्या आजीने एकच गोष्ट स्पष्ट सांगितली: कोर्टात नाव असलेल्या बाईची पहिली हळद आमच्या सुनेला नको. सुटली तर लावू दे, नाहीतर दुसरी कोणी लावेल.

सोनल म्हणाली, "आत्याची हळद नाही तर मी बोहल्यावर चढत नाही."

"चढशील," गोदूबाई म्हणाली. "मीच चढवीन. हळद चौदा डिसेंबरची ना? निकाल त्याच्या आधी लावून घेऊ."

"निकाल काय आपल्या हातात आहे, आत्या?"

"हात माझेच आहेत ना त्या पाण्यात घातलेले?"

वकील होती सुषमा वरठा. उधव्याच्या वारली पाड्यावरून शिकून आलेली, डहाणूच्या कोर्टात सहा वर्षं काढलेली, अंगाने किरकोळ. गोदूबाईने पहिल्यांदा पाहून रामनाथभाऊंच्या कानात विचारलं, "एवढीशी आहे, जज्जाला दिसेल का हो?"

सुषमाने ऐकलं. म्हणाली, "दिसले नाही तरी ऐकू जाईन, मावशी. आता सगळं सांगा. आणि खरं वय पण."

सोनलने फोनमधले सगळे निरोप जपून ठेवले होते. पथकाने कोर्टात एकच पान दिलं होतं, शेवटचं: 'आणते.' सुषमाने नऊ दिवसांचं सगळं वाचलं आणि खुर्चीला टेकली. "मावशी, पोलिसांनी उचकवलं म्हणून सोडा, असं कलम आपल्या कायद्यात लिहिलेलं नाही. पण कोर्ट एक गोष्ट बघतं. मासा खाडीत पोहत होता आणि यांनी जाळं टाकलं, तर ठीक. पण मासा तुमच्या घरच्या हंड्यात होता, आणि यांनीच तो हंडा खाडीत ओतून मग जाळं टाकलं, तर तो कसला सापळा? तुम्ही फक्त म्हणा की बाटल्या..."

"बाटल्या मी नेल्या," गोदूबाई म्हणाली. "ते नाकारणार नाही. खांदा माझाच दुखला."

सुषमाने कपाळाला हात लावला. मग हसली. "बरं. मग सगळंच खरं सांगू. त्या लाल पाण्याचं काय?"

गोदूबाईने तिला सांगितलं. सुषमाने वही मिटली. मग म्हणाली, "हे इथे कोणाला बोलू नका. कोर्टात येताना कमरेची पिशवी घेऊन या."

साक्षीच्या दिवशी साहेब पिंजऱ्यात. सुषमाने आधी नऊ दिवसांचे निरोप वाचून दाखवले. "दारू आधी कोणी मागितली?" आमच्या पथकाने. "आरोपीने किती वेळा नाही म्हटलं?" साहेबांना आठवेना. सुषमाला आठवत होतं: अकरा वेळा. "तिच्यावर दारूची आधीची एखादी तक्रार?" नाही. "संशय कशावरून आला?" व्हिडिओतल्या बाटलीवरून. "ती कोणाच्या डोक्यावर होती?" वाणगावच्या मामांच्या. कोर्टात मागच्या बाकावर मामा बसले होते, ते उठून बाहेर गेले.

"आणि नवरी भाविका? तिला कोणी पाहिलंय?"

"ती... तपासाच्या सोयीसाठी होती."

"बरं. तिने पैसे हातात घेतले कशावरून?"

आता साहेब सावरले. "शास्त्रीय पुरावा आहे. हात धुतल्यावर पाणी लाल झालं."

"ते पाणी तपासणीला पाठवलंत?"

"गरज नव्हती. रंग सगळ्यांना दिसत होता."

सुषमाने न्यायाधीशांची परवानगी मागितली. न्यायाधीश तरुण, वर्धेकडचे, फारसे न हसणारे. त्यांनी मान हलवली. ग्लासभर पाणी आलं, त्यात साहेबांसमोरच धुण्याचा सोडा पडला. गोदूबाईने कमरेच्या पिशवीतून हळदीची पूड काढली आणि कोर्टाच्या म्हाताऱ्या शिपायाला म्हणाली, "भाऊ, हात पुढे करा. घाबरू नका, लग्न लावत नाही."

त्याच्या बोटांना हळद लावली. बोटं ग्लासात गेली. पाणी लालभडक.

"आता यांनी," सुषमा म्हणाली, "कोणाकडून नोटा घेतल्या?"

कोर्ट हसलं. म्हातारा शिपाई हात झटकत सुटला, "मी नाही हो, मी नाही!" तेव्हा आणखीच हसलं.

न्यायाधीशांनी गोदूबाईकडे पाहिलं. "तुम्हाला हे तेव्हाच माहीत होतं?"

"साहेब, हळदीला चुना लागला की कुंकू होतं, सोडा लागला की लुगडं बिघडतं. हे आमच्याकडे शेंबड्या पोरीला माहीत असतं. मी सांगत होते. हे म्हणाले, गप्प बसा." मग म्हणाली, "आणि बाटल्या मी नेल्या होत्या. ते पण लिहून घ्या. चुकलंच ते. पण माझ्याकडे त्या पोरीची हळद अडलीय म्हणून आले होते, आणि पोरगीच नव्हती, साहेब. मी साडी आणली होती तिला."

मागच्या बाकावर प्रविण बसला होता. तो बुटांकडे बघत राहिला.

निकाल बारा डिसेंबरला लागला. न्यायाधीशांनी हळू आवाजात वाचला. गुन्हेगार पकडायला सापळा लावणं हे पोलिसांचं काम आहे. पण गुन्ह्याचा विचारच जिथे पथकाच्या फोनमध्ये जन्मला, अकरा नकारांनंतर आणि बाईच्या जुन्या दुःखावर बोट ठेवून तिच्या हातात दिला गेला, तिथे शिक्षा कोणाला द्यायची हा प्रश्न उरतो. विक्री सिद्ध नाही. पैसे घेतल्याचा पुरावा हळदीचा आहे. आरोपी निर्दोष. बाटल्या नष्ट कराव्यात. साडी, बांगड्या आणि सूप परत द्यावे.

"चिकू?" गोदूबाईने विचारलं.

चिकूंची नोंद पंचनाम्यात कुठेच नव्हती. ते पथकाने खाल्ले होते.

चौदा तारखेला घोलवडला भावाच्या दारात मांडव पडला. ढोलकीवर बायजी. वाणगावची आजी खुर्ची टाकून पुढेच बसली होती, बघायला. गोदूबाई कोर्टातून परत मिळालेलं तेच सूप घेऊन उभी राहिली. सूप तिने घासलं होतं, पण काठाला पथकाच्या लाखेचा लाल ठिपका तसाच ठेवला होता. म्हणाली, "सरकारी शिक्क्याची हळद आहे, आजी. चालेल ना?"

आजी म्हणाली, "लाव गो बाई, पोरगी थंडीने कुडकुडतेय."

सोनलच्या गालांना हळद लागली. गोदूबाईचा हात तिथे नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ राहिला. मग तिने असा काही सूर लावला की गल्लीच्या टोकाची कुत्रीही उठून बसली.

पुढच्या एप्रिलात, एका सकाळी, नरपडच्या ओटीसमोर मोटारसायकल थांबली. प्रविण. साध्या कपड्यांत, हातात लग्नपत्रिका. रामनाथभाऊंनी त्याला ओळखलं आणि चिकूची टोपली उचलून आत ठेवली.

"मावशी," तो दारातच उभा राहिला. "माझं लग्न आहे. आई म्हणते, पहिली हळद गोदूआत्याचीच. मी तिला म्हटलं, त्या येणार नाहीत. ती म्हणाली, जा, पाया पड आणि विचार."

तो पाया पडला. गोदूबाईने पदर खोचला.

"आणि खंबे किती आणू?"

"मावशी, नका ना..."

"बरं. नवरी दाखव आधी."

प्रविणने लगबगीने खिशातून मोबाइल काढला, फोटो उघडला आणि पुढे धरला.

गोदूबाईने त्या मोबाइलकडे पाहिलंसुद्धा नाही. पाट सरकवत म्हणाली, "मोबाइलातली नको. मोबाइलातली एक दाखवून झालीय तुझी. जा, घेऊन ये तिला. चहा टाकते, तोवर."